खाऱ्या हवेत बंदुकीला कुठलं तेल? देवगडकडच्या एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

दिवाळी उलटली, पाऊस पूर्ण गेला, बंदूक पुन्हा बागेत निघाली, म्हणून आता लिहितो. वैशाखापासून आतापर्यंत वेगवेगळी तेलं, ग्रीस आणि मेण लावून पाहिलं. बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची आहे, बारा बोअरची एकनळी, इशापूरच्या कारखान्यात बनलेली. घर देवगड तालुक्यात, खाडीला लागून. कलमांवर वांदरांची टोळी उतरली की हवेत एखादा बार काढायचा, एवढंच तिचं काम. बाकी सगळा काळ ती कपाटात.

बंदुकीच्या तेलाबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक रेंजवर एका बैठकीत शेकडो फैरी झाडणाऱ्यांचं असतं. त्यांना घर्षणाची आणि काजळीची काळजी. आपल्याकडे बंदुका झिजून बाद होत नाहीत, गंजून होतात. म्हणून मी प्रत्येक तेलाला एकच प्रश्न विचारला: पागोळ्या सुरू झाल्यापासून नवरात्रापर्यंत हे गंज धरू देतं का? वंगण किती चांगलं, हे त्यानंतर.

इथली हवा घाटावरच्या हवेपेक्षा वेगळी का वागते ते आधी सांगतो. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि नळीवर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. जुलै-ऑगस्टात किनाऱ्यावर ती ८५ टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहते. म्हणजे नळी कोरडी दिसत असली तरी तिच्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो. हाताच्या घामातही मीठच, त्यामुळे गंजाचे पहिले ठिपके अगदी बोटांच्या खुणांवर उमटतात. नळीवरचा निळसर-काळा मुलामा, ज्याला ब्ल्यूइंग म्हणतात, तो लोखंडाचाच एक ऑक्साइड आहे. एकटा तो फारसं संरक्षण देत नाही, पण तेल धरून ठेवतो. त्याच्या भरवशावर नळी कोरडी ठेवू नका.

थेट बंदुकीवर प्रयोग करायला मन होईना. तिठ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पट्टीचे तुकडे कापून आणले, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले, प्रत्येकाला एकेक तेल लावलं आणि पडवीत तारेला टांगले. एक तुकडा मुद्दाम कोरा ठेवला. पहिल्या मोठ्या सरीनंतर सकाळी पाहिलं तर त्याच्यावर हळदीसारखी पिवळट-तांबूस पूड धरली होती, बोट लावलं की बोटाला यायची. बंदुकीचं पोलाद आणि ही पट्टी एक नव्हे, पण तेला-तेलातला फरक कळायला एवढं पुरलं.

खोबरेलापासून सुरुवात करतो, कारण आमच्याकडे पहिला सल्ला तोच. "आमच्या बापाशीन जन्मभर खोबरेलच लावल्यान," हे वाडीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडून ऐकलंय. बापाशी रोज बंदूक पुसायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. माझा खोबरेलाचा तुकडा मृगात ठीक होता. श्रावणात तो चिकट झाला, त्यावर धूळ बसली आणि धुळीखाली ठिपके आले. खोबरेल ओलाव्यात खवट होतं, म्हणजे त्यातून आम्लं सुटतात, आणि ती धातूला चांगली नाहीत. शिवाय ते २४ अंशांच्या आसपास थिजतं. पौष-माघातल्या पहाटे पारा त्याच्या खाली असतो. घोड्याच्या आणि फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसाच्या टोपीवर आदळणाऱ्या खिळीच्या, आत थिजलेलं खोबरेल म्हणजे चाप ओढल्यावर पिन आळसावणार. भाकरीला, केसांना उत्तम, बंदुकीला नको.

शिलाई मशीनचं तेल स्वच्छ खनिज तेल आहे, चिकट होत नाही, बिजागरीत छान शिरतं. पण फार पातळ. टांगलेल्या तुकड्यावरून ते ओघळून खालच्या टोकाला जमलं आणि वरची बाजू उघडी पडली. घरात दुसरं काही नसेल आणि दर चार दिवसांनी पुसायची सवय असेल तर चालेल.

डब्ल्यूडी-४० बद्दल खूप गैरसमज आहेत. नावातले डब्ल्यू आणि डी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणं. १९५३ मध्ये ते त्याच कामासाठी बनवलं गेलं. भिजून आलेल्या बंदुकीवर ते मारा, फटीतलं पाणी बाहेर काढेल, जुनी घाण सुटेल. नंतर पुसून त्यावर खरं तेल लावा. त्यातला मोठा भाग उडून जाणारा द्रव असतो, मागे उरणारा थर पातळ असतो. चार महिने कपाटात ठेवायच्या बंदुकीला तेवढ्यावर सोडणं मला पटत नाही.

जळकं ऑइल, म्हणजे गाडीतून काढलेलं इंजिन ऑइल, कोयत्या-कुदळीला लावतात तसं बंदुकीला लावणारेही आहेत. कृपा करून लावू नका. त्यात काजळी, धातूची पूड आणि जळणातून आलेली आम्लं असतात.

बाजारातून घटकांचा उल्लेख नसलेली एक 'गन ऑइल'ची बाटलीही आणली होती. गणपतीपर्यंत त्या तुकड्यावर मधासारखा थर झाला. बाटलीवर काय आहे ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नये, असं माझं मत झालंय.

टिकलं ते दोनच प्रकारांत. एक सीएलपी, म्हणजे साफसफाई, वंगण आणि संरक्षण ही तिन्ही कामं करणारी तेलं, ज्यांत गंजरोधक रसायनं मिसळलेली असतात. माझा तुकडा नवरात्रापर्यंत जवळजवळ स्वच्छ राहिला, फक्त कापलेल्या कडेला थोडा तांबूसपणा. आता नळीच्या आत आणि यंत्रणेत मी हेच वापरतो. दुसरं बॅलिस्टॉल. हे जर्मनीत १९०४ साली तयार झालं. मुख्यतः शुद्ध खनिज तेलच, पण थोडं अल्कधर्मी, आणि पाण्यात मिसळतं: चार थेंब पाण्यात टाकले की पाणी दुधासारखं पांढरं होतं.

हा गुण ठासणीच्या बंदुकीला, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीला, फार उपयोगी आहे, आणि आपल्याकडे ठासणीच्या अजून पुष्कळ आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. चुलत्यांची आहे, ते समोर बसलेले असताना मी ती साफ करायला मदत करतो. काळी दारू जळली की नळीत पोटॅशियमचे क्षार उरतात. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात, आणि हवेतला ओलावा ओढतात. क्षारांवर तेल लावलं की गंज तेलाखाली सुखाने वाढतो. म्हणून नळी लाकडी दस्त्यापासून काढून, निपल (मागच्या टोकाचा भोकाचा छोटा तुकडा, ज्यातून ठिणगी दारूपर्यंत जाते) उघडून, घमेल्यात कढत पाणी घ्यायचं. गजाला चिंधी गुंडाळून वर-खाली केलं की निपलच्या भोकातून काळं पाणी चिळकांडी मारत येतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो, तो गंधकाचा. पाणी स्वच्छ यायला लागलं की थांबायचं. कढत पाण्याने नळी तापलेली असते, त्यामुळे ती आपोआप वाळते. मग बॅलिस्टॉलची चिंधी, थोडी ओल उरली असली तरी ते तिच्यात मिसळतं. बार काढला त्याच संध्याकाळी हे व्हायला हवं, दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो.

माझ्या एकनळीत काडतूस भरायला नळी ज्या पिनेवर खाली वाकते, तिच्यावर तेल टिकत नाही, दाबाने पिळून निघतं. तिथे लिथियम ग्रीस, तेही तांदळाच्या दाण्याएवढं. दर महिन्याला ते पुसून नवं लावतो. पुसलेलं ग्रीस करडं निघतं, चिमटीत घेतलं तर रवाळ लागतं; ती धूळ जुन्या ग्रीसमध्ये राहिली तर कानशीचं काम करते. फायरिंग पिन मात्र जवळपास कोरडी ठेवावी. तिथून तेल झिरपून काडतुसाच्या टोपीत गेलं तर बार फुसका जाऊ शकतो.

बाहेरच्या बाजूला मी आता तेलाऐवजी मेण लावतो. मायक्रोक्रिस्टलाइन मेण, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात संग्रहातल्या वस्तूंसाठी तयार केलं त्या जातीचं. अगदी पातळ लावून सुती कापडाने चोळलं की हाताला काही लागत नाही आणि बोटांच्या खुणा बसत नाहीत. निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करायची असते, तिथे तिला कोणी पुसणार नाही हे धरून चालायचं. तेव्हा बाहेर मेण, आत सीएलपी, हे मला सर्वांत भरवशाचं वाटलं. मोटारीचं पॉलिश मात्र वापरू नका, काहींत घासणारी पूड असते आणि ती ब्ल्यूइंग खाते.

लावण्याआधी बंदूक रिकामी आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी तपासा. बागेत न्यायच्या आधी नळीतून कोरडी चिंधी फिरवून सगळं तेल काढा. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, तेल राहिलं तर बाराच्या वेळी मागच्या बाजूवर जास्त जोर येतो. चामड्याच्या कव्हरात कायमची ठेवू नका, चामडं ओल धरतं. कपाटात नळीचं तोंड खाली करून ठेवली तर जास्तीचं तेल यंत्रणेत आणि दस्त्यात उतरत नाही. खनिज तेल मुरलं की लाकूड मऊ पडतं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर त्या पावसाळ्यात लवकर भरतात, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा.

दस्त्याला जवसाचं तेल, वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, हाताने चोळून. ज्या चिंधीने लावाल ती बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.