अठरा हजारांचं ‘डेटा संरक्षण पॅकेज’: कोल्हापूरच्या दुकानदारानं काय घ्यावं, काय सोडावं

महाद्वार रोड, राजारामपुरीतली कपड्यांची दुकानं आणि अंबाबाई मंदिराच्या आसपासचे लॉज यांच्याकडे सध्या सल्लागार एक तयार फाइल घेऊन फिरताहेत. किंमत १८,००० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून २१,२४०. फाइलमध्ये ग्राहकासाठीची सूचना, संमतीपत्र, सॉफ्टवेअरवाल्याशी करायचा करार, डेटा फुटला तर काय करायचं याचं एक पान, ‘डेटा संरक्षण अधिकारी’ नेमल्याचं पत्र आणि फ्रेम केलेलं प्रमाणपत्र असतं. यातलं निम्मं कामाचं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी पैसे मोजू नयेत.

आधी सल्लागार सहीसाठी करतात त्या घाईबद्दल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. दुकानदाराला बांधणारी मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. माहितीपत्रकावर ठळक छापलेला २५० कोटींचा दंड कायद्यात आहे, पण ती कमाल मर्यादा आहे आणि तीही डेटा सुरक्षित ठेवण्यात कसूर केल्याबद्दल. रक्कम ठरवताना डेटा संरक्षण मंडळाला (तक्रारी ऐकून दंड ठरवणारी या कायद्याखालची यंत्रणा) चुकीचं गांभीर्य, कालावधी, नुकसान आवरायला काय केलं, हे सगळं बघावं लागतं. साडीच्या दुकानदाराला तो आकडा दाखवून त्याच दिवशी सही घेणं योग्य नाही.

प्रमाणपत्राला कायद्यात आधार नाही. दुकानांसाठी सरकारी नोंदणी किंवा ‘पूर्तता प्रमाणपत्र’ अशी सोयच या कायद्यात नाही. अधिकारी नेमण्याची सक्तीसुद्धा केंद्र सरकार ज्यांना ‘महत्त्वाचे’ म्हणून अधिसूचित करील त्या मोठ्या कंपन्यांनाच आहे, वार्षिक लेखापरीक्षणही त्यांनाच. दुकानानं शंकेला उत्तर देऊ शकेल अशा एका माणसाचा संपर्क जाहीर करायचा, एवढंच. तो मालकाचा मुलगा असला तरी चालतो. त्यासाठी सल्लागाराला दरवर्षी वेगळी फी कशाला?

संमतीपत्र हा या फाइलचा सगळ्यात कच्चा भाग. बिल, सभासद योजना, जाहिरातीचे मेसेज आणि ‘सहयोगी संस्थांना माहिती देणे’ या सगळ्यांसाठी एकच सही. कायद्याला संमती नेमक्या कामापुरती, अटीविना आणि ग्राहकाच्या स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. ग्राहकानं बिल व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणून आपणहून नंबर दिला, तर त्या बिलासाठी वेगळा फॉर्म लागतच नाही. पण त्याच नंबरवर गुढीपाडव्याच्या सेलचा मेसेज गेला की तो आधार संपतो. उपाय साधा आहे: बिलाच्या स्क्रीनवर ‘ऑफरचे मेसेज हवेत’ अशी वेगळी चौकट ठेवायची, आधीच टिक केलेली नको. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. म्हणजे ‘नको’ एवढा उलट मेसेज पुरेसा असला पाहिजे, दुकानात येऊन अर्ज द्या असं म्हणता येणार नाही. मुलांच्या वाढदिवसाची योजना चालवणाऱ्यांनी तर जास्त जपावं. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

सूचनेचा इंग्रजी मसुदा नीट आहे. मराठी पान यंत्रानं केलेलं दिसतं, वाक्य कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते कळत नाही. ग्राहकाला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे मराठीसह २२ भाषांपैकी, कोणत्याही भाषेत सूचना वाचता आली पाहिजे, तेव्हा हे पान नव्यानं लिहूनच घ्या. कोणती माहिती, कशासाठी, दिलेली संमती मागे कशी घ्यायची, मंडळाकडे तक्रार कशी करायची: अर्ध्या पानात बसतं.

पैसे वसूल होतात ते कराराच्या मसुद्यात. बिलिंग सॉफ्टवेअरवाला किंवा घाऊक एसएमएस पाठवणारा चुकला तरी कायद्यापुढं जबाबदार दुकानच. या मसुद्यात सुरक्षेच्या अटी, डेटा परत देणं, पुसणं आणि गडबड झाली तर लगेच कळवणं, सगळं आहे. डेटा कुणी, कधी हाताळला याच्या नोंदी (लॉग) वर्षभर जपण्याचं कलमही विसरलेले नाहीत.

डेटा फुटल्यावरचं पान मात्र चुकीचं आहे. ‘७२ तासांत पोलिसांना कळवा’ असं त्यात लिहिलंय. खरा क्रम असा: ज्यांची माहिती फुटली त्या ग्राहकांना आणि मंडळाला विलंब न लावता कळवायचं, मग ७२ तासांत मंडळाला सविस्तर माहिती द्यायची. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा ६ तासांत कळवण्याचा निर्देश आहेच, त्याचा उल्लेखही नाही. ‘तीन वर्षांनी डेटा पुसा’ हा नियमही कुठूनतरी उचललाय. तो दोन कोटींवर वापरकर्ते असलेल्या ऑनलाइन विक्रेत्यांसारख्यांसाठी आहे. जीएसटीची बिलं तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात.

लॉजवाल्यांना ही फाइल अपुरी पडते. तिथला खरा धोका रिसेप्शनवरच्या पोराच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये असतो. यात्रेकरू आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, तो आपोआप गॅलरीत जातो, तिथून पोराच्या खासगी बॅकअपमध्ये. पोरानं नोकरी सोडली की सगळे आधार त्याच्याबरोबर गेले. लॉजचा वेगळा हँडसेट ठेवा, फोटो आपोआप उतरणं बंद करा, नोंद लॉजच्या संगणकावर घ्या आणि जिथं चालतं तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा. पोलिसांच्या सूचनेप्रमाणे लागणारी नोंद ठेवायचीच. नुसती कागदी वही या कायद्यात येत नाही, पण तिच्या पानाचा फोटो काढला की येते.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्याकडे फक्त कामगारांचा डेटा असेल तर पूर्ण पॅकेज घेऊ नये. नोकरीच्या कामासाठी लागणाऱ्या माहितीला बऱ्याच अंशी वेगळी संमती लागत नाही. अंगठ्याच्या हजेरी यंत्राचा डेटा पुरवठादाराच्या क्लाउडवर जात असेल, तर त्याच्याशी करायचा करार तेवढा सुटा मागा. सल्लागार सुटा द्यायला तयार नसेल, तर आपल्या वकिलाकडून करून घ्या.