काराकालाचा पुतळा भारी, गाइडेड टूर मात्र ठीकठाक

नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये गाइडेड टूर घेतली होती, कंपनीचं नाव नाही घेत, पण बाई नुसती पळवत होती, रोमन सम्राट काराकालाच्या पुतळ्यापाशी दोन मिनिटं पण थांबू दिलं नाही. मग टूर संपल्यावर मी एकटाच परत गेलो आणि तिथेच खरे पैसे वसूल झाले.

मान झटकन वळवलेली, कपाळावर आठ्यांचं जाळं, भुवया अशा आवळलेल्या की वाटतं आत्ता खेकसेल. आधीचे सम्राट, मार्कस ऑरेलियस वगैरे, लांब दाढीवाले, शांत, तत्त्वज्ञ टाईप. याची दाढी, केस एकदम बारीक, सैनिकासारखे, आणि खरंच सगळी मदार सैन्यावरच होती, त्यांचे पगारही वाढवले. डिसेंबर 211 मध्ये सख्ख्या भावाला, गेटाला, आईच्या कुशीत मारवलं असं त्या काळचा इतिहासकार कॅसियस डियो लिहितो, वर गेटाचे चेहरे आणि नावं जिथे तिथे खरवडून काढायला लावली. गंमत म्हणजे 217 मध्ये याला भोसकला तो एका सैनिकानेच!

असा चेहरा त्याने स्वतःच मिरवला हे मला जास्त भीतीदायक वाटलं. म्युझियमला पाचपैकी पाच, टूरला दोन, तेही बाई गोड बोलत होती म्हणून.