नवे म्हणून विकलेले पाच वर्षांपूर्वीचे टायर

पुण्यातील एका दुकानातून मी गाडीसाठी चार नवे टायर घेतले आणि त्यांतील दोन टायर पाच वर्षे पडून राहिलेले निघाले. असा माल इतर कोणाच्या गळ्यात पडू नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मापात काही खोट नव्हती. माझ्या गाडीला १८५/६५ आर १५ ८८ एच हा टायर लागतो. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, १५ इंची रिम, एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. हे सारे आकडे आणि आयएसआयची खूण चारही टायरांवर होती. मात्र टायर कधी बनला हे त्यांवरून कळत नाही. ते कळते डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून, ज्यांतील पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. हे चार आकडे बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि दुसऱ्या बाजूचा क्रमांक त्यांच्याविना अर्धवटच संपतो.

नेमका याचाच फायदा घेतला गेला. पुढच्या दोन टायरांवरील ११२४ हा आकडा बाहेरून दिसत होता आणि दुकानातल्या मुलाने तोच बोट ठेवून दाखवला. मागचे दोन टायर मात्र तारीख आत जाईल असे बसवले होते. ज्या टायरवर बाहेरची बाजू किंवा फिरण्याची दिशा छापून ठरवलेली नसते तो उलटसुलट कसाही बसतो, त्यामुळे बसवण्यात दोष काढायला जागाच उरत नाही. पुढे कराडजवळ मागचे चाक पंक्चर झाले, ते उतरवल्यावर आतली बाजू उजेडात आली आणि तिथे १९१९ हा आकडा होता, म्हणजे मे २०१९. खरेदी जुलै २०२४ मधली. पंक्चरवाल्याने नक्षीच्या खोबणीत नख फिरवून तळाशी पडलेल्या बारीक भेगाही दाखवल्या. काळ्या पॉलिशमुळे टायर चकचकीत होते आणि त्यांवरचे रबराचे केसही शाबूत होते. पण ते केस टायर वापरलेला नाही एवढेच सांगतात, त्याचे वय सांगत नाहीत.

दुकानदाराचे म्हणणे असे की टायर कोरा आहे, नक्षी पूर्ण आहे, मग तक्रार कसली? नक्षी पूर्ण होती हे खरेच; पण रबर न वापरताही उष्णतेने आणि हवेतील ऑक्सिजनने कडक होत जाते आणि ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते. शिवाय दर ताज्या मालाचा लावला होता. पावतीवर फक्त ‘टायर ४ नग’. त्यामुळे हे टायर आमच्याच दुकानातले कशावरून, असेही त्याने विचारले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर दोन्ही टायर बदलून मिळाले, फिटिंग आणि बॅलन्सिंगचे पैसे मात्र पुन्हा द्यावे लागले. या वेळी रिमवर चढवण्याआधी टायर जमिनीवर आडवे टाकून दोन्ही बाजू पाहिल्या. पावतीवर डीओटी क्रमांक लिहा म्हटल्यावर ‘कॉम्प्युटरमध्ये तशी सोय नाही’ असे उत्तर आले, तेव्हा ते पेनाने लिहून घेतले आणि त्यावर दुकानाचा शिक्का मारून घेतला.