बीजी-२ कापसाची बॅग: ४७५ ग्रॅममध्ये नेमकं काय मिळतं?

मृग जवळ आला की जालन्यापासून परभणी-माजलगावपर्यंत प्रत्येक कृषी सेवा केंद्रात एकच प्रश्न ऐकू येतो: "अळीला चांगली बॅग कोणती?" अळीपुरतं बोलायचं तर सगळ्या सारख्याच. वरचा बोंडाचा फोटो कितीही टपोरा असो, बीजी-२ (बोलगार्ड-२) म्हटलं की आत क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी हीच दोन अळीविरोधी जनुकं. कमाल भावही केंद्र सरकार ठरवतं. २०२५च्या खरिपासाठी तो ४७५ ग्रॅमला ९०१ रुपये होता. म्हणजे 'अळीला भारी' म्हणून वरून दोन-तीनशे मोजणारा हवेचे पैसे देतो. खरा फरक वाणाचा. किती दिवसांत येतो, बोंडं एकदम फुटतात की रेंगाळतात, पानावर लव किती, हे पाहायचं.

बॅग उघडल्यावर रंग लावलेली सरकी दिसते. हा रंग बीजप्रक्रियेचा. बहुतेक बॅगांत मावा-तुडतुड्यांवरचं औषध आधीच चोळलेलं असतं आणि ते साधारण तीन-चार आठवडे काम देतं. त्यामुळे उगवणीनंतर वीस दिवसांतच पहिली फवारणी उरकणाऱ्यांनी थोडा दम धरावा. उरलेली सरकी मात्र जनावरांच्या आंबोणात टाकू नये, ती पेंडीची सरकी नव्हे.

शंभर सरक्यांचं वजन ८ ते १० ग्रॅम धरलं तर बॅगेत पावणेपाच ते सहा हजार दाणे निघतात. चार बाय दीड फुटावर एकरात ७,२६० फुल्या (टोबणीच्या जागा) पडतात. एका फुलीवर एक दाणा टोबला तरी दीड बॅग लागते आणि नांगे (न उगवलेल्या जागा) भरायला थोडी सरकी हवीच, म्हणून 'एकरी दोन बॅगा' हा हिशेब बरोबर आहे. तीन बाय एक फुटावर फुल्या १४,५२० होतात, म्हणजे तीन बॅगा. ९० बाय १५ सेंटिमीटरच्या सघन लागवडीत झाडं तीस हजारांच्या घरात जातात आणि पाच-सहा बॅगांचा खर्च अंगावर येतो. संकरित बियाण्याच्या भावात हे कोरडवाहूला परवडत नाही. सघन लागवड करायचीच तर सरळ, म्हणजे संकरित नसलेला वाण हवा. त्याकडे पुढे येऊ.

टोबणी दीड-दोन इंचांपेक्षा खोल नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आल्याशिवाय हात लावू नये. धूळपेरणीत, म्हणजे पावसाआधी कोरड्यात पेरलं तर, नुसती उगवण बुडते असं नाही. मेच्या शेवटी लावलेल्या पऱ्हाटीला पाती (फुलकळ्या) लवकर लागतात आणि जमिनीतून निघालेल्या शेंदरी अळीच्या पहिल्या पतंगांना आयतं घर मिळतं.

आता जनुकाकडे. बॅसिलस थुरिंजेन्सिस (बीटी) या मातीतल्या जिवाणूचं एक प्रथिन झाड स्वतःच तयार करतं. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. तिथे ते विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक खाचेत बसतं, भोकं पाडतं आणि अळी खाणं सोडते. रस शोषणाऱ्या मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. ज्यांनी २००२ पूर्वी हिरव्या अमेरिकन बोंडअळीसाठी पाठीवर पंप घेऊन दिवस काढले, त्यांना वेगळं सांगायला नको: अमेरिकन आणि ठिपक्यांच्या बोंडअळीवर ही बॅग आजही पैसे वसूल करते. हे जनुक आपल्याकडे आणणारी महिको मूळची जालन्याचीच. पहिल्या तीन संकरित वाणांना मार्च २००२मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बीजी-२ आलं २००६मध्ये.

शेंदरी बोंडअळीच्या बाबतीत मात्र बॅगेवरच्या दाव्याला शून्य गुण. २०१७च्या हंगामात मराठवाड्यात शेतंच्या शेतं किडकी निघाली, तेव्हा लोकांनी 'बोगस बियाणं' म्हणून बोंब मारली. काही ठिकाणी बियाणं बोगस असेलही, पण मुख्य कारण ते नव्हतं. आतड्यातली ती खाचच बदललेल्या अळ्या टिकून राहिल्या आणि त्यांचीच पैदास झाली. याला आपली शेतीपद्धत कारणीभूत आहे. शेंदरी अळी जवळजवळ कापसावरच जगते, त्यामुळे बीटी नसलेल्या दुसऱ्या पिकावर साध्या, म्हणजे या विषाने मरणाऱ्या अळ्या वाढत राहण्याची सोय नाही. वर १८० दिवसांचे वाण आणि त्यावर फरदड (वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी राखून पुन्हा बोंडं घेणं), म्हणजे तिला आणखी दोन पिढ्यांचं जेवण. झाडातल्या प्रथिनाची पातळीही साधारण शंभर-एकशेदहा दिवसांनंतर उतरू लागते, नेमकी बोंडं भरताना.

चौथं कारण दुकानात कुणी सांगत नाही. संकरित बियाण्यात जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. झाड बीटी असतं, पण त्याच्या बोंडातली सरकी पुढच्या पिढीची. एका जनुकाचा हिशेब धरला तर चार सरक्यांतल्या एकीत ते नसतंच. शेंदरी अळी बोंडात शिरून सरकीच खाते. तिला एकाच ताटात विषारी, कमी विषारी आणि बिनविषारी असं सगळं वाढलेलं मिळतं. सवय लागायला याहून सोपी शाळा नाही. अमेरिकेत सरळ वाणांचा बीटी कापूस, सोबत नपुंसक पतंग सोडणं आणि पऱ्हाट्या वेळेत गाडणं या जोरावर २०१८मध्ये ही अळी कापूसपट्ट्यातून संपल्याचं जाहीर झालं. जनुक तेच, वापर वेगळा.

बिगरबीटी सरकीबद्दलही बोलायला हवं. पूर्वी ४५० ग्रॅमच्या बॅगेसोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची. साध्या अळ्या टिकून राहाव्यात म्हणून ती चहूबाजूंनी धुऱ्यालगत लावायची होती, बहुतेकांनी ती फेकली. आता ५ ते १० टक्के बिगरबीटी दाणे बॅगेतच मिसळून येतात. विसरण्याचा प्रश्न मिटला हे चांगलं. पण अमेरिकन अळी या झाडावरून त्या झाडावर फिरते. बिगरबीटी झाडावर मोठी होऊन बीटीवर आलेल्या अळीला थोडंच विष मिळून ती वाचू शकते. आणि दोन्ही विषांना पुरून उरणारी शेंदरी अळी आधीच सगळीकडे पसरली असताना तिच्यासाठी हा उपाय उशिरा आलेला आहे.

म्हणून बॅग घेताना जनुक विचारू नका, दिवस विचारा. हलक्या-मध्यम जमिनीत १४० ते १५० दिवसांत निघणारा, बोंडं एकत्र फुटणारा वाण. भारी काळ्या जमिनीतही १६०च्या पुढे जाऊ नये. पानावर लव असलेला वाण तुडतुड्यांना बरा तोंड देतो. लागवडीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाच्या गोळीने नर पतंग पकडणारे) पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावायचे, गोळी तीन-चार आठवड्यांनी बदलायची. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा फिरून तोडलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी निघाली, की फवारणी. बोंड फोडूनच बघायचं, बाहेरून काही दिसत नाही. डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करायच्या, शेतात टाकायच्या नाहीत. जिनिंगजवळच्या शेतांनी सापळे जास्तच ठेवावेत.

पक्की पावती, लॉट नंबरचं लेबल, रिकामी बॅग आणि मूठभर सरकी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उगवणीची तक्रार तालुका समितीकडे न्यायची तर याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. पावतीशिवाय मिळणारी 'चोरबीटी', म्हणजे तणनाशक सहन करणारं बियाणं, याला मंजुरी नाही. निंदणीच्या मजुरीपोटी ती घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण आतली सगळी सरकी त्याच गुणाची आहे याची हमी कोण देणार? भेसळ निघाली तर ग्लायफोसेट या तणनाशकाच्या एका फवाऱ्यात ओळीच्या ओळी जळतात. बीटी आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर पट्टीची चाचणी असते: पान द्रावणात चुरडायचं, पट्टी बुडवायची, काही मिनिटांत रेघ उमटते. शेंदरी अळी मरेल का, हे मात्र त्या रेघेवरून कळत नाही.

पर्याय? परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने एनएच १९०१ बीटी, १९०२ बीटी आणि १९०४ बीटी हे सरळ वाण दिले आहेत. सरळ वाणाची सरकी घरची ठेवता येते, त्यामुळे सघन लागवडीचं गणित इथे जुळतं. जनुक-संपादन हे तंत्र याहून निराळं; त्यात पिकाच्या स्वतःच्याच जनुकात काटछाट होते. २०२५मध्ये जाहीर झालेले असे दोन वाण भाताचे आहेत. कापसाच्या बॅगेवर 'जीन एडिटिंग' छापून कुणी विकत असेल तर बॅग काउंटरवरच ठेवून या.

बीजी-२ला पाचपैकी तीन गुण, तेही पऱ्हाटी डिसेंबरअखेर उपटली तर. फरदड ठेवणाऱ्यांनी त्यातला एक वजा करावा.