कऱ्हाड, काळी शाई आणि ॲडमिशन: अँड्रॉइडवरील मराठी कीबोर्डची तपासणी

प्ले स्टोअरमध्ये ‘मराठी कीबोर्ड’ असे शोधले की समोर येणारी यादी लांबलचक असते, आणि तिच्यातील पहिली एकदोन नावे बहुधा पैसे मोजून वर आलेली असतात. त्यांच्याखाली बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते, पण तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुढची बरीचशी ॲप एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात: मागे आपला फोटो लावण्याची सोय, सणांची स्टिकर, रंगीबेरंगी कळा आणि चारच्या वर तारे. या ताऱ्यांवरून फारसे काही ठरवता येत नाही, कारण ॲप घेतल्यावर पहिल्या काही मिनिटांतच ‘आम्हाला किती तारे द्याल?’ अशी चौकट समोर येते आणि माणूस ती घालवण्यासाठी पाच तारे देऊन मोकळा होतो. त्यापेक्षा ॲप शेवटचे केव्हा अद्ययावत झाले, ते कोणी बनवले आहे, ‘डेटा सुरक्षितता’ या भागात काय लिहिले आहे आणि अलीकडच्या एक-दोन तारेवाल्या अभिप्रायांत कशाची तक्रार आहे, या चार गोष्टी पाहिल्या तर निम्मी यादी आपोआप गळते.

उरलेल्या ॲपसाठी मी एकच वाक्य कसोटीला ठेवले आणि ते प्रत्येक कीबोर्डवर, मध्यम किमतीच्या फोनवर आणि दहा इंची टॅबलेटवर, लिहून पाहिले: ‘कऱ्हाडच्या कॉलेजात ॲडमिशन घेणाऱ्यांनी काळ्या शाईने सह्या करून ऑफिसबाहेर थांबावे.’ वाक्य साधे आहे आणि एखाद्या सूचनाफलकावर सहज दिसेल असे आहे. पण हिंदीसाठी तयार केलेल्या कळफलकावर वरवर ‘मराठी’ अशी पाटी लावली असेल तर ते तिथे नक्की अडखळते. ‘कऱ्हाड’ आणि ‘घेणाऱ्यांनी’ यांतला र हा ‘सूर्य’मधल्या रफारापेक्षा वेगळा आहे आणि युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. ज्या कीबोर्डवर ते सापडत नाही, तिथे ‘दऱ्या’च्या ‘दर्या’ होतात आणि लिहिणारा कंटाळून तसेच पाठवून देतो. ‘ॲ’चीही तीच कथा. महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत रीतसर जागा दिली आणि त्याआधी २००८मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतःचा संकेतांक मिळाला, तरीही आजसुद्धा काही कीबोर्डवर त्याच्या जागी ‘ए’वर चंद्र काढलेला ‘ऍ’ बसवलेला आढळतो, जो मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला खटकतो. ‘ळ’ बहुतेक ठिकाणी असतो, पण तो पहिल्याच पानावर आहे की कळ दाबून धरल्यावर उघडणाऱ्या कप्प्यात, यावर दिवसभराच्या लिखाणाचा वेग ठरतो.

गूगलचा जीबोर्ड बहुतेक फोनवर आधीच बसवलेला असतो, त्यामुळे तुलना त्याच्यापासूनच सुरू करणे रास्त आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये मराठी निवडली की रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची आणि थेट देवनागरी कळांची, अशा दोन्ही मांडण्या घेता येतात. पहिली पद्धत बहुतेकांच्या हाताला बसलेली आहे आणि वेगाच्या बाबतीत तिला तोड नाही, पण तिचा एक जन्मजात दोष आहे. रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण, ऱ्हस्व आणि दीर्घ यांतला फरक आपण टाइप करतच नाही. तो फरक कीबोर्डने अंदाजाने भरायचा असतो. ‘के-ए-एल’ ही तीन अक्षरे दाबली की काल, काळ, कल आणि कळ हे चारही शब्द दावेदार असतात आणि वरच्या पट्टीतला नेमका शब्द निवडण्याची जबाबदारी शेवटी लिहिणाऱ्यावरच येते. ‘घेणाऱ्यांनी’ किंवा ‘दुसऱ्या’ असे रोज वापरात येणारे शब्द कोशात असल्यामुळे बिनचूक येतात, पण गावांची, नद्यांची आणि माणसांची नावे आली की अंदाज चुकू लागतो. घाईत लिहिलेल्या मजकुरात ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ आणि ‘बाळ’ऐवजी ‘बाल’ दिसते, त्यातले पुष्कळसे अपराध या पट्टीतला पहिला शब्द डोळे मिटून स्वीकारण्याचे आहेत, असे माझे मत आहे.

जीबोर्डची देवनागरी मांडणी मला त्या मानाने अधिक प्रामाणिक वाटते. तिथे व्यंजन दाबले की स्वरांच्या कळा त्या व्यंजनाच्या बाराखडीत बदलतात. ‘क’ दाबल्यावर समोर का, कि, की, कु, कू असे तयार पर्याय दिसतात, त्यामुळे काना-वेलांटी वेगळी शोधावी लागत नाही. सुरुवातीचे काही दिवस वेग निम्म्यावर येतो खरा, पण जे लिहायचे तेच उमटते. अनेकांना माहीत नसलेल्या दोन सोयीही इथे उपयोगी पडतात: स्पेसच्या कळेवर बोट आडवे सरकवले की कर्सर अक्षराअक्षराने हलतो, आणि खोडण्याच्या कळेवरून डावीकडे बोट ओढले की शब्दच्या शब्द पुसले जातात. मराठीतील लांब सामासिक शब्द दुरुस्त करताना पहिल्या सोयीचे मोल कळते.

बोलून लिहिण्याची सोय गूगलने ऑगस्ट २०१७मध्ये मराठीसह आणखी काही भारतीय भाषांसाठी सुरू केली आणि ज्यांची नजर किंवा बोटे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी ती मोठा आधार ठरली आहे. प्रमाण बोलीत, सावकाश आणि शांत खोलीत बोलले तर कसोटीचे वाक्य जवळजवळ पूर्ण उतरते. पूर्णविराम आणि स्वल्पविराम मात्र मला बहुतेक वेळा हाताने घालावे लागले, आणि ‘येऊन राहिलो’, ‘गेल्तो’ अशा घरगुती बोलीला हे यंत्र लगेच शिस्त लावते. हाताने अक्षर काढून लिहिण्याची मांडणीही जीबोर्डमध्ये आहे. फोनवर तिचा उपयोग बेताचाच, पण टॅबलेटवर लेखणी असेल तर शाळेत घोटलेले अक्षर तिथे सुखाने चालते.

मायक्रोसॉफ्टने २०१६मध्ये विकत घेतलेला स्विफ्टकी हा जीबोर्डचा जुना प्रतिस्पर्धी. पुढचा शब्द ओळखण्यात तो तरबेज आहे आणि आपल्या लिहिण्याच्या लकबी लवकर उचलतो. रोमन लिपीतल्या भाषा तो एकाच वेळी मिसळून चालवतो, पण देवनागरी कळांवर मराठीत लिहिता लिहिता इंग्रजीत जायचे तर स्पेसच्या कळेवरून बोट सरकवून मांडणी बदलावी लागते. ज्यांचे इंग्रजी लेखन जास्त आणि मराठी अधूनमधून, त्यांना तो आवडेल. मराठीच प्रामुख्याने लिहिणाऱ्याला त्याच्यासाठी मुद्दाम कीबोर्ड बदलावा असे काही त्यात सापडणार नाही.

या सगळ्यांत विचारपूर्वक घडवलेला कीबोर्ड कोणता, असे विचारले तर मी स्वरचक्राचे नाव घेईन. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक रचना केंद्रात तो तयार झाला आणि २०१३च्या सुमारास लोकांपर्यंत पोहोचला. त्याची कल्पना अशी की व्यंजने पाटीवरच्या मुळाक्षरांच्या क्रमाने मांडायची: क ख ग घ ङ एका ओळीत, च छ ज झ ञ त्याखाली. एखाद्या व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती एक चक्र उमलते आणि त्या चक्रात त्या अक्षराची काना, वेलांटी, उकार, मात्रा लावलेली रूपे दिसतात. हव्या त्या रूपाकडे बोट सरकवून उचलले की अक्षर पूर्ण. जोडाक्षराची व्यवस्था तर पाहण्यासारखी आहे. चक्रातून पाय मोडलेला ‘क्’ निवडला की संपूर्ण कळफलक क्षणात बदलतो आणि प्रत्येक कळेवर ‘क्’शी होणारे जोडाक्षर आधीच काढून दाखवले जाते, म्हणजे ‘क्ष’ किंवा ‘क्त’ कसा जुळवायचा हे आठवत बसण्याचे कारण उरत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या आणि रोमन स्पेलिंगशी कधी जमवून न घेतलेल्या माणसाला हा कीबोर्ड समजावून सांगावा लागत नाही. चौथीतल्या मुलाला आणि सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना तो सारख्याच सहजतेने वापरताना मी पाहिले आहे. वेग ही त्याची मर्यादा आहे, कारण प्रत्येक अक्षरासाठी बोट सरकवावे लागते आणि पुढचा शब्द सुचवण्याचे काम तो करत नाही. पानभर पत्र लिहिणाऱ्याला तो दमवतो. चार ओळींचा निरोप लिहिणाऱ्याला मात्र याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांची आतली रचना कोणालाही तपासता येते अशा, ॲपकडे वळणारे वाचक कमी असले तरी त्यांची दखल घ्यायलाच हवी, कारण कीबोर्ड हे विश्वासाचे ॲप आहे. प्ले स्टोअरखेरीज एफ-ड्रॉइड नावाचे एक भांडार आहे, जिथे फक्त मुक्त स्रोत ॲप ठेवली जातात. तिथला इंडिक कीबोर्ड अनेक भारतीय भाषांसाठी स्वयंसेवकांनी बनवलेला असून मराठीसाठी त्यात रोमन अक्षरांतून लिहिण्याची मांडणी आहे. ती जीबोर्डसारखा अंदाज बांधत नाही. ठरलेल्या अक्षरांना ठरलेले देवनागरी अक्षर मिळते, म्हणून नियम एकदा पाठ झाले की गफलत होत नाही. हेलीबोर्ड हा दुसरा पर्याय अँड्रॉइडच्या मूळ कीबोर्डवर आधारलेला आहे. त्याची मराठी मांडणी इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कळफलकाच्या धाटणीची, म्हणजे काने-मात्रा डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे अशी आहे, त्यामुळे संगणकावर इन्स्क्रिप्ट शिकलेल्यांची बोटे तिथे आपोआप पडतात. दिसायला तो रूक्ष आहे आणि सूचना देण्यात जीबोर्डच्या जवळपासही जात नाही, पण तो इंटरनेट वापरण्याची परवानगीच मागत नाही.

ही शेवटची गोष्ट किरकोळ नाही. बाहेरचा कोणताही कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड एक इशारा दाखवते की हे ॲप तुम्ही टाइप केलेला सर्व मजकूर, पासवर्ड आणि कार्डाचे क्रमांकही, गोळा करू शकते. सवयीने आपण ‘ठीक आहे’ दाबून पुढे जातो. डिसेंबर २०१७मध्ये एआय-टाइप नावाच्या लोकप्रिय कीबोर्डची माहिती उघड्यावर पडलेली सापडली, तेव्हा तिच्यात सुमारे ३ कोटी १० लाख वापरकर्त्यांच्या नोंदी होत्या; काहींच्या बाबतीत फोनमधील संपर्कयादीही होती. फुकटचा कीबोर्ड जाहिरातींवर चालत असेल आणि स्टिकर देण्याच्या निमित्ताने संपर्कयादी, स्थान आणि मायक्रोफोन मागत असेल, तर तो मी कितीही सुंदर असला तरी घेणार नाही. अशाच एका कीबोर्डने, ज्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही, माझ्या फोनवर संदेश लिहिता लिहिता कळांच्या वर कर्जाची जाहिरात दाखवली आणि तिच्यावर चुकून बोट पडून ब्राउझर उघडला. तो त्याच संध्याकाळी फोनवरून गेला.

टॅबलेटवर हिशेब थोडा बदलतो. दहा इंची पडद्यावर आडवा धरलेला कळफलक निम्मी जागा खातो आणि मधल्या कळांपर्यंत अंगठे पोहोचत नाहीत. जीबोर्डचा तरंगता कीबोर्ड लहान करून कोपऱ्यात ठेवता येतो, हा यावरचा सर्वांत सोयीचा तोडगा आहे. स्वरचक्र मात्र मोठ्या पडद्यावर उलट अधिक खुलते, कारण चक्रातली रूपे ठसठशीत दिसतात आणि बोट चुकीच्या मात्रेवर घसरत नाही; मुलांना अक्षरओळख करून देण्यासाठी टॅबलेट वापरणाऱ्या पालकांनी त्याचा विचार जरूर करावा.

निवड करताना एकाच कीबोर्डवर अडून बसण्याचे कारण नाही, कारण अँड्रॉइडवर अनेक कीबोर्ड एकत्र नांदतात आणि लिहिताना पडद्याच्या तळाशी दिसणाऱ्या छोट्या चिन्हावरून ते बदलता येतात. माझ्या फोनवर रोजच्या संदेशांसाठी जीबोर्डची देवनागरी मांडणी आहे, लांब मजकूर बोलून घेण्यासाठी त्याचाच मायक्रोफोन आहे आणि बँकेच्या ॲपमध्ये काही भरायचे असेल तेव्हा मी हेलीबोर्डवर जातो. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर स्वरचक्र ठेवले आहे. रोमन पद्धतीची सवय सुटत नसेल तर ती सोडण्याचा हट्टही मी धरणार नाही, फक्त जीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात आपल्या गावाचे, आडनावांचे आणि नेहमीच्या ओळखीच्यांच्या नावांचे अचूक रूप आधी भरून ठेवावे. चाचणीसाठी घेतलेले इतर कीबोर्ड फोनवर नुसते पडून राहू देऊ नयेत. सेटिंग्जमधील ‘भाषा आणि इनपुट’मध्ये जाऊन ते आधी बंद करावेत आणि मग फोनवरून काढून टाकावेत.