९६ टक्क्यांची एओटी: प्रतिदीप्तीसाठी घेताय? आधी शुद्ध करा

बडोद्यातल्या केमिकलवाल्यांकडे एओटी, म्हणजे सोडियम डायऑक्टिल सल्फोसक्सिनेट हा साबणासारखा पृष्ठक्रियाकारक, सहज मिळते. पांढरे मेणचट गोळे, लेबलवर ९६ टक्के. नुसते रिव्हर्स मायसेल (तेलात तरंगणारे, एओटीने वेढलेले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब) करायचे असतील तर माल चोख आहे. ४.४५ ग्रॅम आयसोऑक्टेन या तेलासारख्या द्रावकात विरघळवून १०० मिली केले की ०.१ मोलर द्रावण तयार. त्यातल्या १० मिलीत १८० मायक्रोलिटर पाणी सोडून हलवा, द्रावण नितळ होते. पाणी-एओटी गुणोत्तर (रेणूंच्या संख्येचे) १०.

खरी कसोटी झिंकची प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश पाडल्यावर येणारी चमक (फ्लोरेसन्स), मोजताना. ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन-५-सल्फोनिक आम्ल एकटे असताना फार मंद चमकते, झिंक पकडले की हिरवट-पिवळे उजळते. पण शुद्ध न केलेल्या एओटीत धातू न घालताही ब्लँक, म्हणजे कोऱ्या नमुन्याचे वाचन, वर चढतो. त्याहून वाईट खोड आम्लधर्मी अशुद्धीची. त्या १० मिलीत एओटी १ मिलिमोल असते. एक टक्का आम्ल निघाले तरी ते १० मायक्रोमोल, आणि पाण्याच्या जागी घातलेल्या १८० मायक्रोलिटर १० मिलिमोलर बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) बफर मिळून फक्त १.८ मायक्रोमोल! बफर टिकत नाही, लिगंडचा (झिंक पकडणाऱ्या त्या सल्फोनिक आम्लाचा) प्रोटॉन सुटत नाही, झिंकशी जोड, म्हणजे कॉम्प्लेक्स, नीट बनतच नाही. दोष मात्र झिंकच्या द्रावणाला दिला जातो.

उपाय जुनाच. २५ ग्रॅम एओटी १०० मिली मिथेनॉलमध्ये, त्यात २-३ ग्रॅम सक्रिय कोळसा, रात्रभर ढवळणे. कोळसा आम्लाने धुतलेलाच घ्या, नाहीतर त्यातले लोह उतरते आणि लोह चमक विझवते. बारीक फिल्टरमधून गाळा, मिथेनॉल उडवा, मग निर्वातात ५० अंशांखाली वाळवा. बफर ट्रिसचा ठेवा. फॉस्फेटमध्ये झिंक साक्याच्या रूपात खाली बसते. क्युव्हेट (मोजणीची नळी) क्वार्ट्झचा, झाकणासह, कारण आयसोऑक्टेन उडते. साध्या पाण्यातला कॅलिब्रेशन आलेख इथे चालत नाही, झिंकला एओटीची ऋणभारित टोके ओढतात. त्याच गुणोत्तराला नवा काढा.

पावसाळ्यात बाटली उघडी राहिली की गोळे चिकट होतात. ३ टक्के ओल म्हणजे गुणोत्तर ०.७६ ने जास्त. १ समजून केलेला प्रयोग पावणेदोनला होतो. कार्ल फिशर (ओल मोजण्याची चाचणी) केल्याशिवाय कमी पाण्याचे आकडे लिहू नका.

पाचापैकी तीन तारे. लहान बाटली घ्या, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.