परदेशी शिक्षणाची कन्सल्टन्सी : पत्नीची फाइल चोख, नवऱ्याची वाऱ्यावर

परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीबद्दलचे अभिप्राय बहुधा विद्यार्थी लिहितात आणि व्हिसा मिळाला की पाच तारे देऊन मोकळे होतात. हा अभिप्राय विद्यार्थ्याचा नाही, विद्यार्थिनीच्या नवऱ्याचा आहे. माझ्या पत्नीने परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून पदवी घेतली, तीन वर्षे एका बियाणे कंपनीत काम केले आणि गेल्या वर्षी जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात शाश्वत शेतीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासणीच्या विभागात काम करतो. जायचे तर दोघांनी, असे आमचे लग्नाआधीपासून ठरलेले होते आणि पहिल्याच भेटीत आम्ही ते छत्रपती संभाजीनगरातील या कन्सल्टन्सीला स्पष्ट सांगितले होते. पत्नीच्या फाइलीसाठी ६५,००० रुपये आणि माझ्या फाइलीसाठी ‘डिपेंडंट पॅकेज’ या नावाखाली २०,००० रुपये असे एकूण ८५,००० रुपये आम्ही भरले. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण जे दोष मला आढळले ते एका दुकानाचे नसून या व्यवसायाच्या सवयीचे आहेत, अशी माझी समजूत होत गेली आहे.

पहिल्या भेटीत आमच्यापुढे जर्मनीचे नव्हे, तर ब्रिटनमधील तीन विद्यापीठांचे रंगीत माहितीपत्रक ठेवण्यात आले. एका वर्षात पदवी, लगेच प्रवेश आणि लवकर अर्ज केल्यास शुल्कात सवलत, हे सर्व ऐकून झाल्यावर मी विचारले, की माझे काय. तेव्हा समुपदेशकाने संगणकात पाहिल्यासारखे केले आणि ‘ते नंतर बघू’ असे उत्तर दिले. वास्तविक १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ब्रिटनने नियम बदलला असून संशोधनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रम किंवा सरकारी शिष्यवृत्ती असल्याखेरीज विद्यार्थ्याला जोडीदार सोबत नेता येत नाही. ज्या दांपत्याने बसल्या बसल्या पहिले वाक्यच ‘आम्ही दोघे जाणार’ असे उच्चारले, त्याच्यापुढे नेमका तोच देश ठेवला जावा, याचे कारण मला पुढे उमगले. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथील अनेक विद्यापीठे प्रवेशामागे एजंटला कमिशन देतात, तर जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांकडून तसे काही मिळत नाही. दुकानदाराने नफ्याचा माल पुढे मांडावा, यात गैर काही नाही. परंतु गिऱ्हाइकाच्या अंगाला तो बसणारच नाही हे माहीत असताना तो मांडू नये. कॅनडाबाबतही हेच घडले. तेथे २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला कामाचा परवाना मिळण्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम किमान १६ महिन्यांचा असावा लागतो, आणि आम्हाला दाखवलेला अभ्यासक्रम १२ महिन्यांचा होता.

जर्मनीवर आम्ही अडून बसल्यानंतर ‘तिथे शिक्षण फुकट’ हे वाक्य आले. ते बव्हंशी खरे आहे, परंतु सरसकट खरे नाही. श्टुटगार्टमधील होहेनहाइम हे शेतीसाठी नावाजलेले विद्यापीठ आमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते. ते ज्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात येते, तेथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो शुल्क द्यावे लागते. चार सत्रांचे ६,००० युरो झाले, आणि संस्थेने दिलेल्या खर्चाच्या तक्त्यात त्या रकान्यात शून्य लिहिलेले होते. ग्योटिंगेन ज्या नीडरझाक्सन राज्यात आहे तेथे हे शुल्क नाही, सत्राची वर्गणी तेवढी भरावी लागते. आम्ही तक्ता परत केला, त्यांनी तो दुरुस्त केला. दिलगिरी मात्र व्यक्त केली नाही.

आता चांगले लिहितो, कारण पत्नीच्या फाइलीवर ज्या मॅडमनी काम केले, त्यांच्याविषयी चांगले लिहिण्याजोगे बरेच आहे. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मन व्हिसाच्या अर्जाआधी दिल्लीच्या एपीएस (जर्मन दूतावासाचे शैक्षणिक पडताळणी केंद्र) कार्यालयाकडून कागदपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. त्याचे १८,००० रुपये शुल्क वेगळे असते. या पडताळणीसाठी मॅडमनी आमचे सर्व कागद टेबलावर एका ओळीत मांडले आणि फूटपट्टी एकेका नावाखाली धरून ते वाचले. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर नाव आधी, पासपोर्टवर वडिलांचे नाव मधले आणि आधार कार्डावर लग्नानंतर बदललेले माझे नाव मधले, असा आपल्याकडील घरोघरचा प्रकार आमच्याकडेही होता. शिवाय पत्नीचा जन्म कळंबचा, त्यामुळे पासपोर्टवर जिल्हा उस्मानाबाद आणि २०२३ च्या नामांतरानंतर काढलेल्या दाखल्यावर धाराशिव. दिल्लीत बसलेल्या माणसाला हे एकच ठिकाण आहे, असे गृहीत धरायला सांगता येत नाही, असे म्हणून मॅडमनी एकाच प्रतिज्ञापत्रात नावांचा आणि जिल्ह्याचा असा दोन्ही खुलासा करून घेतला. पडताळणी एकाही शंकेविना पार पडली.

गुणांच्या बाबतीतही त्यांनीच आम्हाला सावध केले. जर्मन मोजणी उलटी असते. १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. पत्नीचे १० पैकी ८.१ गुणांक उत्तीर्णतेची किमान पातळी ५ धरली, तर तेथील सूत्राने सुमारे २.१ होतात आणि तीच पातळी चुकून ४ धरली, तर १.९५ होतात. चुकीने चांगला आकडा मिळतो म्हणून तो लिहून टाकायचा मोह होतो, पण विद्यापीठाने फेरमोजणी केली की अर्जावरचा विश्वास जातो. म्हणून त्यांनी पत्नीला परभणीला पाठवून किमान पातळीचे पत्र विद्यापीठाच्या शिक्क्यासह आणायला लावले. त्या वेळी आम्हाला ही खेप जड वाटली होती, आणि आज तीच या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

माझ्या फाइलीला मात्र कोणीच वाली नव्हता. पाच महिन्यांत ती तीन जणांच्या हातांतून गेली. आमचे लग्न गावाकडे झाले असल्याने विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीचे होते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार ते पूर्णपणे ग्राह्य आहे, पण ‘महापालिकेचे का नाही’ हा प्रश्न मला दोन वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांनी विचारला. पुरावा म्हणून लग्नपत्रिकाही जोडायला सांगितली गेली आणि तिचे इंग्रजी भाषांतर संस्थेने आपल्या ठरलेल्या भाषांतरकाराकडून करून आणले. त्यात ‘चि. सौ. कां.’ ही आद्याक्षरे नावाचा भाग समजून जोडून टाकलेली होती, त्यामुळे वधूचे पहिले नाव ‘चिसौका’ झाले होते. मी हे दाखवले तेव्हा समोरच्या मुलाला हसू आवरेना, मलाही आवरले नाही. परंतु तो कागद त्याच दिवशी अपलोड होणार होता.

जर्मन भाषेची ए-१, म्हणजे सर्वांत प्राथमिक पातळीची, परीक्षा हा याहून गंभीर विषय आहे. पत्नीचा अभ्यासक्रम इंग्रजीतून असल्याने तिला जर्मन आले नाही तरी चालते, पण विद्यार्थ्याचा जोडीदार म्हणून जाणाऱ्याला ए-१ चे प्रमाणपत्र सामान्यतः लागतेच. ही गोष्ट मला जुलैमध्ये कळली. पैसे फेब्रुवारीत भरले होते. पहिल्या दिवशी कोणी एवढेच सांगितले असते तर संध्याकाळच्या वर्गात मी पाच महिने आधी बसलो असतो. उशिरा का होईना, मी शिकवणी लावली आणि एक सुखद धक्का बसला. जर्मनमध्ये एकवीस म्हणताना ‘एक आणि वीस’ म्हणतात, एकक आधी आणि दशक नंतर. इंग्रजीच्या सवयीने याला अडखळणारे पुष्कळ असतात. आपण मात्र एकवीस, बावीस, तेवीस असेच मोजत मोठे झालो आहोत. तोंडी परीक्षेत स्वतःचे नाव एकेक अक्षर सांगावे लागते, तेव्हा माझे जाधव हे आडनाव ‘योट, आ, दे, हा, आ, फाउ’ असे उच्चारताना ते दुसऱ्याच कोणाचे तरी असावे, असे वाटत राहिले. परीक्षेसाठी पुण्याला बोट क्लब रोडवरील मॅक्सम्युलर भवनात जावे लागले. १०० पैकी ६० ला उत्तीर्ण होतात. मला ७४ मिळाले.

पैशाच्या बाबतीत विद्यार्थ्याच्या नावे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याचे ९९२ युरो ठेवायचे, हे कन्सल्टन्सीने नीट समजावले. जोडीदाराच्या निर्वाहाची सोय याखेरीज दाखवावी लागते आणि त्याच्या अर्जाला त्या शहरातील परकीय नागरिक कार्यालयाची संमती लागते, त्यामुळे त्याला विद्यार्थ्याच्या व्हिसापेक्षा अधिक काळ लागू शकतो, हे त्यांनी सांगितले नाही. याच अज्ञानातून निवासाची चूक झाली. त्यांनी पत्नीसाठी वसतिगृहाची १४ चौरस मीटरची, म्हणजे साधारण दीडशे चौरस फुटांची एकट्यापुरती खोली घेऊन दिली. कुटुंबासाठी पुरेशी जागा दाखवताना सज्ञान माणशी १२ चौरस मीटर हा दंडक तेथे साधारणपणे लावला जातो आणि एकट्याच्या खोलीत दुसऱ्याला राहायची परवानगीच नसते. आता पत्नी अभ्यास सांभाळून दोघांसाठी घर शोधते आहे.

विम्याचेही असेच झाले. आम्हा दोघांची वर्षभराची खासगी पॉलिसी घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. तिशीच्या आतील विद्यार्थ्याला तेथील सार्वजनिक आरोग्य विम्यात सवलतीच्या हप्त्यावर, महिना दीडशे युरोंच्या आसपास, प्रवेश मिळतो आणि कमाई नसलेला जोडीदार त्याच हप्त्यात समाविष्ट होतो. प्रवासापुरता आणि सुरुवातीच्या दिवसांपुरता विमा आम्ही घेतला आणि वार्षिक पॉलिसीला नकार दिला.

प्रतीक्षागृहात भेटलेल्या लातूरच्या एका जोडप्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. त्यांचा साखरपुडा झालेला होता आणि लग्न मुलाचे पहिले वर्ष संपल्यावर करायचे, असे दोन्ही घरांनी ठरवले होते. विद्यार्थ्याचा निवास परवाना निघण्याच्या वेळी लग्न झालेले असेल आणि मुक्काम वर्षापेक्षा अधिक असेल, तर जोडीदाराचा मार्ग बराच सुकर होतो. नंतरच्या लग्नाला तसे होत नाही. हॉलच्या तारखेइतकेच हे महत्त्वाचे होते. त्यांना ते समुपदेशकाने नव्हे, मी सांगितले आणि तेही चहा पिताना.

आमच्या सासूबाईंनी परभणीला विचारले होते, “पोरगी शिकाया चालली हे समजलं, पण जावईबापू, तुमी तिकडं काय करणार?” या कन्सल्टन्सीकडेही त्याचे उत्तर नव्हते. एका कर्मचाऱ्याने तर मला काम करता येणार नाही, असेच सांगितले. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला, म्हणजे एफ-२ व्हिसावर, काम करता येत नाही. तो नियम त्यांनी जर्मनीलाही लावला. प्रत्यक्षात कौटुंबिक पुनर्मीलनाच्या परवान्यावर जोडीदाराला तेथे नोकरी करण्याचा हक्क असतो आणि वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मर्यादा आहे ती विद्यार्थ्याला. सासूबाईंना हे समजावल्यावर त्यांनी दोन किलो काळा मसाला कुटायला काढला. तूपही देणार होत्या, आणि संस्थेच्या सामानाच्या यादीत ‘घरचे तूप’ छापलेलेही होते. परंतु युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत, म्हणून ते आम्ही काढून ठेवले.

पत्नी सप्टेंबरअखेरीस गेली, ऑक्टोबरपासून तिचे सत्र सुरू झाले. माझा अर्ज ग्योटिंगेनच्या कार्यालयात आहे. पाचपैकी पत्नीच्या फाइलीला मी साडेचार तारे देतो, माझ्या फाइलीला एक. जोडीदार सोबत नसेल तर या कन्सल्टन्सीत अवश्य जावे आणि फूटपट्टीवाल्या मॅडमच मिळाव्यात, असा आग्रह धरावा. जोडीने जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी भाषा, घर, विमा आणि कामाचा हक्क या चार गोष्टी जोडीदाराच्या बाबतीत लेखी मागाव्यात. मी डिपेंडंट पॅकेजची पूर्ण रक्कम परत मागितली होती. तीन आठवड्यांनी ८,००० रुपयांचा धनादेश आला, तो पत्नीच्या नावे काढलेला होता.